डबे तपासणाऱ्या मावशी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या मावशी पोळी उजेडासमोर धरून पाहत. घरून आलेला प्रत्येक डबा आधी त्यांच्या हातून जाई. त्या भात चिवडत, वरणात चमचा फिरवत. एमडी पावडरीच्या नादात जरीपटका भागातलं कपड्यांचं दुकान घालवून मी तिथे आलो होतो. आईचा डबा असा उसकटलेला पाहून मला संताप यायचा. "रागावू नको गा," मावशी म्हणायच्या, "मायच्या डब्यातूनच नशा जास्त येते."

कित्येक वर्षं त्या हेच काम करत होत्या. आधी गांजा सापडे, मग खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, आता पांढरी पावडर. "पहिले म्हातारे होऊन येत लोक," त्या सांगत. "आता मिशी फुटली नाही तं नुसती हाडं घेऊन येतात पोरं." माझं अंग थरथरायचं तेव्हा त्या पाय चेपत बसत आणि त्यांच्या गावच्या, खाप्याच्या बाजाराच्या गोष्टी सांगत.

बरा झाल्यावर मी तिथेच मदतनीस म्हणून राहिलो. त्याच सुमारास मावशींचा धाकटा भाऊ सुधाकर दाखल झाला. टेम्पो चालवायचा. आई गेल्यावर मावशींनीच त्याला वाढवलेलं. दोनदा तो केंद्रातून पळाला, दोनदा त्यांनी त्याला शोधून आणलं.

एका दुपारी मावशी त्याचा डबा न उघडताच आत नेताना दिसल्या. मी हात पुढे केला. त्यांनी डबा छातीशी धरला, मग माझ्या हातात दिला. चटणीखाली पुडी होती.

"काहून, मावशी?"

"भिंतीवर डोकं आपटून राहिला होता. ताई, मरतो मी, म्हणे. मले नाही पाहवलं गा. सांगू नको कोणाले."

मी डॉक्टरांना सांगितलं. संध्याकाळच्या आत मावशींचं काम सुटलं. भावाला घेऊन त्या खाप्याला गेल्या. डॉक्टरांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला, पण तो थांबला नाही.

दोन महिन्यांनी सुधाकर गेल्याचं कळलं. मी खाप्याला गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, केस न विंचरलेले. मी शेजारी बसलो.

"तू सांगितलं नसतं तं मी पुड्या आणतच राहिली असती," त्या म्हणाल्या. "तरी गेलाच असता तो."

"माझ्यावर राग आहे?"

"आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पण येत जा गा. मले आता कोणीच नाही."