रंग दिसले, रेघा नाहीत

नगरच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करायचे. जन्मानंतर मेंदूतल्या पेशी पाहायला कशा शिकतात, काही रंगाला दाद देतात, काही उभ्या रेघेला, काही आडवीला, हे कॉम्प्युटरवर घडवून पाहायचं. स्टाफरूममध्ये एकदा कोणीतरी विषय विचारला. मी सांगू लागले तेवढ्यात चहा आला. पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात मी प्रोग्रॅमला मुद्दाम धूसर चित्रं दाखवली. रंगाच्या पेशी नीट तयार झाल्या, रेघांच्या जेमतेम. नंतर स्वच्छ चित्रं दिली, तरी फारसं सुधारलं नाही.

मुद्दाम, कारण माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; उजेड आणि धूसर रंग तेवढे कळायचे. पाथर्डीकडच्या आमच्या गावात तो कोणी ओळखलाच नाही. आता, चाळिशी जवळ आल्यावर, तिचं ऑपरेशन ठरलं होतं.

पट्टी सोडली तेव्हा मी शेजारीच होते. आक्का माझ्या पदराला हात लावून म्हणाली, "ह्ये लाल हाय न्हवं?" आई रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळं दिसेल.

घरी मात्र ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. आई बोलल्याशिवाय तिला आई ओळखू येईना. एका दुपारी ओसरीवर आम्ही दोघीच होतो.

"तू त्येच शिकतीस ना?" तिनं विचारलं. "मंग सांग, मला समदं कवा दिसंल?"

"रंग दिसतील, आक्का. पण माणसाचं तोंड, दाराची कड, हे डोक्याला लहानपणीच शिकावं लागतं. थोडं येईल. सगळं येईल असं मला वाटत नाही."

ती नव्या चष्म्याची काडी चाचपत राहिली.

"आईला सांगू नगंस," म्हणाली. मग डोळे मिटून उठली आणि कुठंही न अडखळता आत गेली. पुढं ती घरात तशीच वावरायची. संध्याकाळी तेवढी अंगणात बसून डोळे उघडायची, आभाळ बघायला.

विद्यापीठात पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत धूसर चित्रांच्या प्रकरणाचं फार कौतुक झालं. निष्कर्ष अगदी स्वच्छ आहे, असं परीक्षक म्हणाले. मी आभार मानले. बाहेर व्हरांड्यात कोणी नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं नगरला आले, खोलीचं कुलूप काढलं आणि एकटीपुरता भात लावला.