शांतिनाथ मगदुमांचा पुरावा

शांतिनाथ मगदूम शिरोलीकडच्या एका पशुखाद्य कारखान्यात माल रवाना करायचं काम बघतात. एकदा एका दुकानदारानं शब्द फिरवला आणि बोलणी त्यांना खावी लागली. तेव्हापासून ते कामाचा प्रत्येक फोन रेकॉर्ड करू लागले. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. "माझ्याकडं पुरावा हाय," हे वाक्य इतक्या वेळा म्हणत, की कारखान्यात त्यांचं नावच 'पुरावा' पडलं.

गेल्या पावसाळ्यात त्या पुराव्याला अखेर काम लागलं. गगनबावड्याचे दुकानदार हंबीरराव खोत तणतणत आले. खाद्याची पोती भिजून पोचली होती.

"मी उद्या पाठवा म्हटलं हुतं. तुम्ही भर पावसात आजच गाडी सोडली!"

मालक गणपतरावांनी शांतिनाथांकडं पाहिलं. शांतिनाथांनी या क्षणाची वर्षभर वाट बघितली होती. त्यांनी शांतपणे फोन टेबलावर ठेवला आणि चार माणसांदेखत आवाज सोडला. हंबीररावांचाच आवाज: "आजच पाठवा की वो, माल संपलाय!"

हंबीरराव लाल झाले. "मला न विचारता माझं बोलणं भरून ठेवलंस व्हय रं?" म्हणत निघून गेले. शांतिनाथांनी त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात हंबीरराव पुन्हा आले, सोबत वकील पुतणी संयोगिता. ती आवाज न चढवता बोलली.

"मगदूमकाका, स्वतःचं बोलणं स्वतःच्या बचावासाठी नोंदवलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही. पण समोरच्याला सांगून ठेवणं चांगलं, आणि ते चारचौघांत वाजवणं ही वेगळीच गोष्ट. तिथं खाजगीपणाचा प्रश्न येतो."

"मी कोर्टात दाखवीन," शांतिनाथ ताठ बसले.

"जरूर दाखवा. तिथं सोबत रेकॉर्डिंग खरं असल्याचं प्रमाणपत्र लागेल, मूळ फोनही मागतील. आणि सोयीचा तुकडा कापून चालणार नाही, संभाषण पूर्ण द्यावं लागेल. आत्ता ऐकवता पूर्ण?"

"ऐकवा की," गणपतराव म्हणाले. "आपल्याला कशाची भीती?"

शांतिनाथांना कसली भीती आहे ते तेवढ्यात आठवलं. पण मालकांनी स्वतःच फोनवर बोट लावून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. "आजच पाठवा" च्या पुढं हंबीरराव म्हणत होते, "ताडपत्री तेवढी नीट बांधा." आणि शांतिनाथांचा दिलखुलास आवाज: "कुठली ताडपत्री? फाटून चाळण झालीया. आमच्या मालकाच्या हातनं नवी सुटंल तवा खरं! देवाचं नाव घिऊन सोडतो गाडी."



गणपतरावांनी पोती बदलून दिली, नवी ताडपत्री आणवली आणि शांतिनाथांना नोकरीवरही ठेवलं. शिक्षा एवढीच, की फोन रेकॉर्ड करायचा तर आधी तसं सांगायचं. झालं! "नमस्कार, हे बोलणं रेकॉर्ड होतंय," एवढं ऐकलं की समोरून उत्तर येई, "मग ऱ्हाऊ दे पावणं, समक्षच येतो." महिन्याभरात त्यांच्या टेबलाभोवती इतकी माणसं जमू लागली, की बाकडं वाढवावं लागलं. फोन मात्र मुका झाला.

साठलेल्या रेकॉर्डिंगचं काय करायचं, हेही त्यांनी संयोगितालाच विचारलं. "ज्याचं काम संपलं ते पुसून टाका. दुसऱ्यांची माहिती उगाच साठवू नये," ती म्हणाली.

एका रविवारी ते पुसायला बसले. पुसण्याआधी एकेक ऐकू लागले. त्यांना वाटलं होतं, यात जगभरच्या लोकांच्या लबाड्या सापडतील. सापडले ते स्वतःच. समोरचा "अहो, पण..." म्हणतोय आणि हे बोलतायत, तो पुन्हा "ऐका तरी..." म्हणतोय, हे बोलतच आहेत.

स्वयंपाकघरातनं बायको अक्काताईनं विचारलं, "कुणाशी बोलतायसा एवढं?"

"कुणाशी न्हाय. माझं मीच ऐकाय लागलोय."

"ऐका, ऐका," ती म्हणाली. "आमी हितं वीस वर्सं ऐकतोय."

शांतिनाथांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पुढचं रेकॉर्डिंग न ऐकताच पुसून टाकलं.