खलातलं औषध

गुरुपादप्पा आचाऱ्यासारखा हेकट माणूस उदगीरपासून शिरूर अनंतपाळपर्यंत दुसरा सापडायचा नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. माझं मंडप-भांड्यांचं दुकान, त्याचं स्वयंपाकाचं काम, त्यामुळे दोघांची उमर एकाच चुलाणाच्या धुरात गेली. लग्नवाले काम घेऊन आले की त्याचा पहिला सवाल, "भांडी जिलानीची हायत का?" दुसऱ्याची असली तर तो कामच घ्यायचा नाही. आणि माझ्या एखाद्या पातेल्यावर डाग दिसला की पाहुण्यांदेखत माझी अब्रू काढायचा.

हाताला चव मात्र अशी, की त्याची हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, खायला लोक न बोलावता पंगतीत बसायचे. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वतः जिभेला काही लावायचा नाही, मीठ वासावरून सांगायचा. मसाला खलबत्त्यातच कुटायचा. मिक्सरवर त्याचा भरोसा नव्हता. "आख्खा दाना पोटात तसाच पडून राहतो, जिलानी. कुटला तरच त्याचा गुण उतरतो," हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी माझी बायकोही जिरं कुटून घालायला लागली.

सगळ्या गावाला जेवू घालणारा हा माणूस स्वतः शेवटची पंगत उठल्यावर जेवायचा. तोवर चहावर चहा, आणि गुडघे धरायचे म्हणून उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या. पोटात आग पडली की सोडा प्यायचा. याला तो ॲसिडिटी म्हणायचा. आमच्याकडं पोटाच्या कुठल्याही दुखण्याला हा एकच शब्द आहे. जेवण तुटलं, सदरा अंगावर लोंबायला लागला, तेव्हा त्याचा मुलगा शिवप्पा आणि मी त्याला जवळजवळ उचलूनच उदगीरला नेलं.

तिथं घशातून दुर्बीण घालून तपासलं. पोटात जखम होती, आणि ती भरू न देणारा एक जंतूही होता. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही. मी तिथंच अल्लाचे आभार मानले. जंतू मारायच्या गोळ्या मिळाल्या, पोटातलं आम्ल कमी करणारी कॅप्सूल मिळाली, गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. बरा होणारा आजार होता. मला अजून सहन होत नाही ते हेच.

अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, शेजारी कुणी अंडं फोडलं तरी उठून जाणारा. एका लग्नात कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं पाहिलं की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडापासून करतात. झालं, त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं. घरी येऊन त्यानं बायकोला, महामायावैनींना सांगितलं की टरफल फेकायचं आणि आतले बारीक दाणे घ्यायचे. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण आतला आचारी गप्प बसतोय होय? आख्खे दाणे कसे गिळायचे?

मग रोज सकाळी पूजा झाली की वैनी पितळी खल घेऊन बसायच्या. दाण्यांचं पीठ करायच्या, मधात कालवून त्याला चाटवायच्या. बत्त्याला लागलेलंसुद्धा बोटानं पुसून द्यायच्या. मी थट्टेनं म्हणायचो, "वैनी, थोडी विलायची टाका की." अप्पा मान डोलवायचा, "गुण यायलाय," म्हणायचा. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते मात्र त्यानं लातूरला जाईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लग्नसराई होती ना.

देवणीच्या एका लग्नात बुंदी पाडताना त्याच्या हातातून झारा सुटला. तो खाली बसला आणि ओकला. चहाच्या चोथ्यासारखं काळंकाळं पडलं. माझ्या भांड्यांच्या टेम्पोत त्याला आडवा घातला, वैनींना वाटेत घेतलं आणि लातूर गाठलं. रस्ताभर त्याचं एकच चाललेलं, "पाक घट्ट व्हायलाय, कुणाला तरी बगाय लाव." मी चिडून म्हणालो, "अप्पा, मरणाच्या दारात हायस आन् पाकाचं काय घेऊन बसलास?" तो हसला.

लातूरला रक्त चढवलं, दुर्बिणीतूनच जखमेतलं रक्त थांबवलं. उज्वला नावाच्या डॉक्टरबाई होत्या, वयानं लहान, बोलणं नीट. जुने कागद बघून त्या बुचकळ्यात पडल्या. जंतू तसाच होता आणि जखम पहिल्यापेक्षा खोल गेली होती.

"काका, औषधं मध्येच सोडली होती का?"

"एक दिस चुकलं न्हाई."

"मग घेत कशी होतात?"

वैनी तेव्हा माझ्यासाठी चहा आणायला खाली गेल्या होत्या. अप्पानं सगळं ऐटीत सांगितलं, हाड, खल, मध, पीठ. बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "काका, त्या प्रत्येक दाण्यावर पातळ लेप असतो. तो असतो म्हणून औषध पोटातल्या आम्लातून वाचून आतड्यात पोचतं. कुटलं की लेप फुटतो आणि औषध पोटातच मरतं. ते मेलं, म्हणून बाकीच्या गोळ्यांचाही जंतूवर जोर चालला नाही. तुम्हाला टरफल नको असेल तर तसल्या साध्या गोळ्याही मिळतात. पण त्याही आख्ख्याच गिळायच्या."

त्या सावकाश, प्रेमानं बोलत होत्या, तरी मला संताप आला. त्यांचा नाही, उदगीरवाल्यांचा. औषध दिलेल्या दिवशी कुणी तरी एवढाच सवाल विचारला असता, घेणार कसं म्हणून.

अप्पा दाराकडं बघत होता. "तिला सांगू नका," तो म्हणाला. "तिच्या हातानं कुटलंय ते. जिलानी, तूबी न्हाई. शपथ घे." मी घेतली.

वैनी चहा घेऊन आल्या तसा हा पठ्ठ्या तोंड भरून हसला. "बाई म्हनल्या, तुझ्या कुटन्यानंच इतके दिस तगलो मी. आता ह्या दवाखान्यातल्या गोळ्या साध्या हायत, आख्ख्या गिळायच्या हायत." वैनींनी पदरानं डोळे टिपले. आख्ख्या गिळायचं मात्र त्यांना पटलं नव्हतं. "आख्ख्या कशा उतरतील?" असं त्या मला बाहेर येऊन विचारत होत्या.

गोळ्या सुरू झाल्या, पण इतकी खोल गेलेली जखम पुन्हा फुटली. ऑपरेशनला आत नेलं आणि अप्पा टेबलावरच गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवूनच माती दिली. दिवसाच्या जेवणाला मंडप माझाच होता. भांड्यांवर डाग राहू नये म्हणून मी स्वतः घासली, आणि घासता घासता रडलो.

त्यानंतर त्या घराकडं जायचा धीर होईना. शेवटी माझी मोठी कढई तिथं अडकली होती ती आणायला गेलो. वैनी ओसरीत बसल्या होत्या. पुढ्यात तोच पितळी खल, बाजूला पानावर रंगीत टरफलांचे अर्धे तुकडे. शिवप्पाची बायको सिंधु भिंतीला टेकून बसलेली, चेहरा उतरलेला. तिच्याही पोटात तोच जंतू निघाला होता. डॉक्टरबाईंनी सांगूनच ठेवलं होतं, घरात कुणाचं पोट दुखत असेल तर तपासून घ्या.

"डॉक्टर आख्खी गिळ म्हनले," सिंधु हळूच म्हणाली.

"म्हनू दे," वैनी कुटत म्हणाल्या. "जिलानीभाई, तुमीच सांगा हिला. माझ्या हातचं हुतं तवर तगले. लातूरला ते बंद झालं आन् मानूस गेला. आता हिच्या बाबतीत मी कुनाचं ऐकनार न्हाई."

मी अप्पाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. असलं खोटं बोलून ठेवतो का माणूस? मग सिंधुकडं बघितलं, आणि खलावर हात ठेवला.

सगळं सांगितलं. लेपाचं, आम्लाचं, शपथेचं. वैनींचा बत्ता हातातच राहिला.

"त्यास्नी कवा कळलं हे?"

"तुम्ही चहा आणायला गेल्या होत्या तेव्हा."

"मंजे मला बगून हसले, तवा ठावं हुतं त्यास्नी."

"हाव."

त्यांनी खलातलं पीठ अंगणात झटकलं, खल पदरानं पुसून पालथा घातला. डबीतून नवी कॅप्सूल काढली, टरफलासकट सिंधुच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"हाडाची असंल तर असू दे," त्या म्हणाल्या. "गिळ."