फूटपट्टीची तलवार

नागपूरच्या एका शाळेत देवपुजारी सर इतिहास शिकवायचे, आणि जपानचा धडा आला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा कान टवकारायची. सर लाकडी फूटपट्टी कमरेच्या पट्ट्यात खोचायचे आणि सामुराई होऊन ऐटीत दोन फेऱ्या मारायचे. मग एकदम थांबायचे. "अठराशे शहात्तर! सरकारचा हुकूम निघाला, आजपासून कमरेला तलवार नाही!" फूटपट्टी धाडकन टेबलावर. "एका सकाळी जुनं सगळं संपलं. याला म्हणतात देश!" मुलं टाळ्या पिटायची. पहिल्या बाकावरचा त्यांचा स्वतःचा मुलगा शशिधर सगळ्यांत जोरात.

हाच शशिधर पुढे डॉक्टर झाला, इंग्लंडात डॉक्टरकी करायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला आणि २००५च्या हिवाळ्यात लंडनच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोला येऊन थडकला. एका घरात पाच डॉक्टर, बाथरूम एक, आणि डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. एका हॉस्पिटलात बिनपगारी अटॅचमेंट मिळाली. म्हणजे काय, तर कन्सल्टंटच्या मागे मागे वॉर्डात हिंडायचं. गळ्यात स्टेथोस्कोप, पण पेशंटला हात लावायचा नाही. तरी गडी खूश होता. बारा एप्रिलला नोकरीचा इंटरव्ह्यू होता. तिकडे बाबांनी तर गल्लीभर सांगूनच टाकलं होतं, आमचा शशी लंडनला डॉक्टर आहे.

आणि मार्च २००६मध्ये नवा नियम आला. एप्रिलपासून बाहेरच्या डॉक्टरांना ट्रेनिंगच्या नोकरीसाठी वर्क परमिट लागेल, आणि इथला किंवा युरोपातला कोणी मिळत नसेल तरच ते मिळेल. झालं! मुदत चार आठवड्यांचीसुद्धा नाही. अरे, मग परीक्षा कशाला घेतल्यात? पास झाल्याची पत्रं कशाला पाठवलीत? पण विचारणार कोणाला! हॉस्पिटलातून फोन आला, सॉरी डॉक्टर, इंटरव्ह्यू रद्द. ती बाई इतकी गोड बोलली की याला भांडताही येईना. "थँक यू" म्हणून त्याने फोन ठेवला आणि थँक यू कशाबद्दल म्हटलं, म्हणून दिवसभर स्वतःवरच चरफडत राहिला.

अटॅचमेंटही संपली. गळ्यातलं ओळखपत्र परत देऊन आला. तरी रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून, बॅगेत स्टेथोस्कोप टाकून तो निघायचाच.

"अबे, चालला कुठे?" रूममेट संजय विचारायचा.

"लायब्ररीत. अर्ज टाकायचेत."

"मग स्टेथो कशाला नेतो सोबत?"

यावर शशिधर बुटाची लेस बांधत बसायचा.

लायब्ररीत कॉम्प्युटर दिवसाला एकच तास मिळे, त्यालाही रांग. एकदा थांबल्या थांबल्या शेजारच्या कपाटात जपानचा जाडजूड इतिहास दिसला. बाबांचं अठराशे शहात्तर! त्याने हौसेने पान काढलं. अठ्ठावीस मार्च, तलवारबंदी. बाबांचा धडा इथेच संपायचा, पण पुस्तक पुढे चाललंच होतं. ऑगस्टमध्ये पिढीजात तनखेही गेले. ज्यांना तलवारीवाचून दुसरं काही येत नव्हतं त्यांनी दुकानं काढली आणि बुडवली, कारण गिऱ्हाइकापुढे वाकायची सवय कुठे होती? काही जण तलवारी उपसून बंदुकांसमोर गेले आणि मेले. आणि काही जण, हुकूम फक्त कमरेपुरता आहे म्हणून, तलवार फडक्यात गुंडाळून बरोबर घेऊन हिंडायचे.

ते वाक्य त्याने तीनदा वाचलं. मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि एवढा थोराड माणूस तिथेच रडायला लागला. रांगेतल्या म्हातारीने न बोलता त्याला पुढचा नंबर दिला.

रविवारी दुपारी कॉलिंग कार्ड घेऊन तो फोनच्या खोक्यात शिरला. सांगायचं होतं एवढंच, की बाबा, नोकरी गेली, जूनमध्ये व्हिसा संपतो, मी परत येतोय. पण तोंडून निघालं भलतंच.

"बाबा, तुम्ही तो जपानचा धडा शिकवायचात ना... त्या तलवारवाल्यांचं पुढे काय झालं हो?"

"पुढे?" सर हसले. "पुढे जपान मोठा झाला!"

"जपानचं नाही विचारत. त्या माणसांचं."

सर हळूच म्हणाले, "ते पुस्तकात नव्हतं रे. फूटपट्टी टेबलावर ठेवली की तास संपायचा." मग त्यांनीच विचारलं, "शशी, नोकरीचं झालं नाही का?"

"नियम बदलला, बाबा. मी काहीच करू शकलो नाही."

"त्या तलवारवाल्यांनी तरी काय केलं असतं," सर म्हणाले. "आणि त्यांचे बाप? त्यांच्या बापांचं काही लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

"नाही, बाबा."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतोय शशी? झाला का इंटरव्ह्यू?"

"काही नाही गं," सर म्हणाले. "जपानचं विचारत होता."