छप्पर नसलेल्या घरात आलेली बाई

त्या वर्षी आमच्या जैनथ गावात एकच बोलणं चाले, आपण आता कोणत्या राज्यात? निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आता भाषेप्रमाणे नवी राज्यं होणार होती. मराठी जिल्हे नदीपलीकडच्या मराठी मुलखात जाणार, आदिलाबाद मात्र तेलुगूंबरोबर राहणार, असं पक्कं कानावर येऊ लागलं. माझे यजमान मराठी शाळेत मास्तर. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं. मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता.

नेमक्या त्याच दिवसांत आम्ही घर बांधायला घेतलं होतं. गवंडी नव्हताच. शाळा सुटली की हे माती कालवत, मी पाणी ओढी, आणि दोघं मिळून भिंत वर नेत असू. भाड्याची खोली मालकाला हवी झाली, म्हणून अर्ध्या घरातच राहायला आलो. एका कोपऱ्यावर तुराट्यांचं छप्पर, बाकी सगळं आभाळ. दाराच्या जागी पोत्याचा पडदा. पहाटे डोळे उघडले की भिंतींच्या चौकटीत चांदण्या विझताना दिसत, आणि आपण घरात आहोत की शेतात, हे क्षणभर कळत नसे.

मग नदीपलीकडे राहणाऱ्या मोठ्या दिरांचा निरोप आला की तिथं आपल्या भाषेचं कोणी उरणार नाही, बदली मागून इकडे या. त्या दिवसापासून ह्यांनी मातीला हात लावला नाही. "कोनासाठी बांधून राह्यलो आपन हे?" एवढंच म्हणाले. मी पोटुशी होते. आधीचं एक मूल दगावलं होतं. अर्धवट भिंतींकडे पाहून माझं मन खचत गेलं. रोज गावातल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे हात जोडत होते, पण खरं सांगते, त्या हातांत विश्वास उरला नव्हता. ज्याला आमचं घर पुरं करता येत नाही तो मूल काय राखणार, असं मनात येई.

देवळाची कार्तिकातली जत्रा सुरू झाली त्या दिवशी हे बदलीचं विचारायला आदिलाबादला गेले. शेजारपाजार सगळा कापूस वेचायला शेतात. दुपारी मला हिवताप भरला. आधी हुडहुडी, मग अंगाची नुसती आग. पाण्याची घागर हाताच्या अंतरावर होती, पण हात उचलेना. वर पांढरं आभाळ हलत होतं, भिंती जवळ येत होत्या, लांब जात होत्या. पोटातलं हलणं थांबल्यासारखं वाटलं, तेव्हा मी ओरडले असेन. आवाज निघाला की नाही, ठाऊक नाही.

पडदा सरकला आणि एक बाई आत आली. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, पायांना हळद, काखेत गाठोडं. जत्रेला निघालेली वाटसरू असावी. काही न विचारता तिनं गाठोडं ठेवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाणी पाजलं. पदर भिजवून कपाळावर ठेवत राहिली. चूल पेटवून ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली, ती फुंकून फुंकून भरवली. मी मराठीत बोलत सुटले होते, गेलेल्या बाळाचं, घराचं, नदीपलीकडचं. ती तेलुगूत हुंकार देई. पोटावर हात ठेवून म्हणाली, "भयपडकु, अम्मा." त्या हाताखाली मूल हललं. मला रडू आलं, आणि रडता रडताच झोप लागली. झोपेतच कधीतरी ती भिंतीवर हात फिरवत काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं, "मंचि इल्लु."

जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती, अंगाला घाम सुटला होता. बाई नव्हती. उंबरा अजून बसवलाच नव्हता, त्या जागी जमीन सारवून ज्वारीच्या पिठाची मोठी रांगोळी घातलेली होती, तेलुगू बाया दारात घालतात तशी.

दिवेलागणीला हे परतले. साहेब भेटले नव्हते, कारकून पुन्हा या म्हणाला होता. रांगोळीपाशी थबकले. त्या घरात आम्ही चपला घालूनच वावरायचो, नुसती माती म्हणून. त्या दिवशी ह्यांनी चपला बाहेर काढल्या आणि कडेनं आत आले. मी सगळं सांगितलं आणि तिचे शब्द विचारले.

"भिऊ नको, म्हनली ती. अन् मंचि इल्लु म्हनजे चांगलं घर."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या छपराले कवेलू पाहून येतो."

जत्रेत तिची खूप चौकशी केली. इचोड्याकडून, मंचेरियलकडून इतकी माणसं येतात, कोण सांगणार? ती कोण होती, ह्याचा मी वाद घालत नाही. बदली पुन्हा कोणी मागितली नाही. राज्य बदललं, पाट्यांवरची लिपी बदलली, शाळा चालू राहिली. मुलगी जन्मली तेव्हा निम्म्या घरावर कवेलू चढली होती. आज ती दोन्ही भाषांत भांडते.

त्या दुपारपर्यंत मला वाटे, सगळं पुरं झालं की देवाला बोलवावं, आणि पुरं होत नाही म्हणून त्याच्यावरच रुसावं. तो तर उघड्या भिंतींत, मला न येणाऱ्या भाषेत येऊन बसला आणि पेज करून गेला. तेव्हापासून देवळात गेले की मागणं सुचत नाही. जशी आहे तशी त्याच्यासमोर बसते, थोडा वेळ, आणि घरी येते.