व्हर्निता झोआरला जाते

आमच्या व्हर्निताला बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत तिचे, दुखतात ते माझे. पण जेवण संपून कुठं ताटं वाजली की ती उठलीच. लग्न असो, मयत असो, परक्याचं घर असो. ही माझ्या धाकट्या भावाची, ऑरलनची बायको. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत सगळ्याच बायका अशा वाढलेल्या. मीही त्यातलीच. चर्चचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे आणि तिथं माझ्या हुकमाशिवाय चमचा हलत नाही. पण व्हर्निता उठते तेव्हा तिचं डोकं मागं कुठल्यातरी पुस्तकातच राहिलेलं असतं.

हे वेड पहिल्यापासूनचं. सात भावंडांत ती थोरली. शाळा संपली तेव्हा आमच्याच पंथाच्या झोआर कॉलेजात तिचं नाव पक्कं झालं होतं, ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. नेमकं तेव्हाच तिच्या आईनं अंथरूण धरलं. ट्रंकेतले कपडे परत कपाटात गेले, आणि त्याबद्दल ती कुणाला एक अक्षर बोलली नाही. आमच्यात स्वतःसाठी काही मागायची रीतच नाही. मग ऑरलनशी लग्न झालं. पहिलं बाळ पाळण्यातच गेलं. मग जॅनेल झाली. सुगीत गव्हाचा ट्रक व्हर्निताच चालवायची. कोठारापुढं ट्रकांची रांग लागली की ही स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचणार. एकदा पुढचे सगळे ट्रक रिकामे होऊन गेले तरी हिला पत्ता नाही. मागच्यांनी भोंगे वाजवून गाव डोक्यावर घेतलं. ऑरलन लाजून लाल झाला.

"पान संपत आलं होतं," ती म्हणाली.

जॅनेलची शाळा संपत आली तेव्हा कॉलेजं बघणं सुरू झालं. आधी सरकारी विद्यापीठ. तिथल्या एका वर्गात आमचं अख्खं चर्च दोनदा मावलं असतं. जॅनेलचे डोळे लकाकले.

"आई, इथं मला कुणी म्हणजे कुणी ओळखत नाही!"

"तेच तर," व्हर्निता काळजीनं म्हणाली.

मग ऑरलनच्या आग्रहावरून झोआर. तिथं मी पण गेले. गाडीत जागा होती, आणि माझ्याशिवाय या लोकांना काही नीट दिसत नाही. कॉलेज दाखवायला आलेल्या पोरीनं यादीत आमचं आडनाव बघून, नावं विचारायच्या आधीच विचारलं, "तुम्ही कुठले श्राग?" वाचनालयापर्यंत पोचेतो ती आमच्या मावशीच्या जावेची नात निघाली.

"बघ आत्या," जॅनेल माझ्या कानात म्हणाली, "इथं मी शिंकले तर संध्याकाळी घरी तब्येतीची चौकशी येईल."

"मग शिंकू नकोस," मी म्हटलं.

सकाळी एका वर्गात मागं बसायला मिळालं. बायबलचा वर्ग, ईयोबाचं पुस्तक चाललेलं. देव ईयोबाचं सगळं काढून घेतो, मुलंबाळं, गुरंढोरं, आणि शेवटी सगळं भरून देतो, ती गोष्ट. पोरं मोजकीच, पण सरांशी अशी तावातावानं भांडत होती की मला वाटलं आता यांना बाहेर काढतात. सर उलट खूश. जॅनेल खिडकीबाहेर बघत होती. व्हर्निताची हनुवटी मात्र पुढं आली होती. तिला काही बोलायचं असलं आणि ती बोलत नसली की असं होतं.

दुपारी जेवण झालं. पालकांची सभा वर होती. तेवढ्यात आतून ताटं वाजली. झालं! व्हर्निता उठली, तिच्यामागं मी उठले. सभा राहिली वर आणि आम्ही दोघी कॉलेजच्या मोरीत. तिथं सकाळचेच सर बाह्या सरसावून ताटं पुसत होते.

"आज शिक्षकांची पाळी आहे," ते म्हणाले. "मी रेगियर. पण पाहुण्यांनी हे करायचं नसतं."

"मागून पण पुसा," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं मागून पुसलं.

व्हर्निता साबणात हात घालून उभी होती. खाली बघतच म्हणाली, "सर, ईयोबाला मेंढ्या दुप्पट मिळाल्या. उंट दुप्पट. बैल दुप्पट. मुलं मात्र पहिल्याएवढीच. असं का?"

"तुम्ही सांगा."

"देवानं पहिली वजा केलीच नसतील. ती गेली तरी त्याचीच राहिली. नवी मिळून झालीच की दुप्पट."

माझा हात थांबला. पाळण्यातलं ते बाळ मी बघितलं होतं. तिच्या तोंडून इतक्या वर्षांत त्याचं नाव निघालं नव्हतं, आणि आता एका परक्या माणसासमोर निघाल्यासारखंच होतं. मला रडू आलं, ते मी साबणावर ढकललं.

मला वाटलं, सर म्हणतील, वा, किती छान. आमच्या चर्चमध्ये सगळे तसंच म्हणाले असते आणि वाटीत आणखी सूप वाढलं असतं. पण रेगियर म्हणाले, "सुंदर आहे. पण मला पटत नाही. पुस्तकात तसं कुठं लिहिलंय? तुम्हाला तसं हवंय म्हणून तसं आहे असं होत नाही. मूळ हिब्रू वाचा, मग माझ्याशी भांडा."

मी म्हणणार होते, अहो, जरा जपून. पण व्हर्निताकडं बघितलं तर तिचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर लोक तिला 'छान' म्हणत आले. चूक आहेस, सिद्ध कर, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं.

"हे वर्गात का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

"मी पाहुणी होते ना."

"मग पाहुणी राहू नका," ते म्हणाले आणि पुढचं ताट घेतलं.

परतीच्या वाटेवर जॅनेलनं सांगून टाकलं, "मी विद्यापीठातच जाणार."

"जा," व्हर्निता म्हणाली. "मी झोआरला जाणार."

"कुणाला सोडायला?"

"मला."

जॅनेल आधी हसली, मग तिनं आईकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई. निदान एका वर्गात तरी नाही आपण."

घरी मी माझं काम केलं, म्हणजे सगळ्यांना जाग्यावर आणायचं. "चाळिशी उलटली तुझी," मी म्हटलं. "शिकायचंच असेल तर तालुक्याच्या कॉलेजात हिशेब शीक, शेतीला उपयोग तरी होईल. झोआरला इतिहास, हिब्रू, गाणं, असलं सगळं शिकून तू होणार कोण?"

"कोणी नाही, ताई. मला कळेल, एवढंच."

"काय कळेल?"

"ते तिथं गेल्यावर कळेल."

मी ऑरलनकडं बघितलं. तो झ्वीबाकला, आमच्या एकावर एक बसवलेल्या जोडपावाला, लोणी लावत होता. वरचा छोटा पाव खाल्ला, खालचा खाल्ला, आणि म्हणाला, "गहू जूनमध्ये निघतो. कॉलेज ऑगस्टला सुरू होतं." एवढंच. ना हो, ना नाही. आमचे पुरुष असेच. व्हर्निताला त्याचा होकार हवा होता, तोंडानं दिलेला, आणि तो काही मिळाला नाही. तरी ऑगस्टात ती गेली. ती जुनी ट्रंक काढायची गरज नव्हती, रोज घरी यायचीच होती, पण गाडीत ती ट्रंक होती. मी बघितली.

पानगळीपर्यंत तिचे डोळे खोल गेले. घर, कोंबड्या, हिब्रू. चर्चमध्ये बायका तोंडावर गोड आणि मागं तिखट. "ऑरलन बिचारा गार जेवतो म्हणे," रॅट्झलाफबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. तो माझ्याकडं गरम जेवत होता, पण ते सांगायला मी काय तिची वकील होते? पुढच्याच आठवड्यात व्हर्निता माझ्या अंगणात येऊन म्हणाली, "ताई, सोडते मी. मंगळवारी परीक्षा आहे, रविवारी चर्चचं जेवण, भांड्यांची पाळी माझी. ऑरलन एक शब्द बोलत नाही. त्याला आवडत नसेल तर मला एकटीला हे नाही रेटत."

खरं सांगायचं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या मोरीतला तिचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. "रविवार होऊ दे," मी म्हटलं.

रविवार आला. जेवणं झाली. चार सुरांत प्रार्थनेचं गाणं झालं, आणि स्वयंपाकघरात ताटं वाजली. जेवण वाढायच्या खिडकीतून मला दिसत होतं. व्हर्निता उठली. शेजारी बसलेल्या ऑरलननं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बस," तो म्हणाला, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं.

आणि तो स्वतः उठला, पुरुषांच्या दोन रांगांमधून चालत आला, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. ते चर्च बांधल्यापासून तिथं कुठल्या पुरुषानं ताटाला हात लावला नव्हता. बायका साबणाचे हात तसेच वर धरून उभ्या.

"तुझं काय काम इथं?" मी विचारलं.

"तिची परीक्षा आहे मंगळवारी," ऑरलन म्हणाला. "ताई, एप्रन कुठाय?"

झालरीचा एकच उरला होता. तो मी त्याला बांधला, मागं गाठ घट्ट मारली. रॅट्झलाफबाईंनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते मिटलं. ऑरलन ताटं घासायला लागला. काय घासत होता, देवच जाणे.

"मागून पण घास," मी म्हटलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. रिकाम्या टेबलाशी, एवढ्या सगळ्या लोकांदेखत, पुस्तक उघडून व्हर्निता बसली होती.