सतरा नंबरचा कागद

वच्छलाला मार नवा नव्हता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं डोंग्याच्या वल्ह्यानं तिचे समोरचे दोन दात पाडले होते. तो वैनगंगेच्या पुरात गेला तेव्हा शेजारच्या बायका रडल्या, ती रडली नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या त्याच मासेमार ढिवरांच्या गावात ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. अकरा वर्षं तिनं खिचडी शिजवली आणि पोरांची वजनं लिहिली.

२००३ च्या उन्हाळ्यात नागपूरहून मानसशास्त्रात संशोधन करणाऱ्या एक बाई आल्या. वयात येणाऱ्या पोरापोरींच्या मनाची ओढ कोणाकडे असते आणि ती घरात कळली तर त्यांचं काय होतं, हा त्यांचा विषय. प्रश्न वाचून दाखवायला गावातलं माणूस हवं होतं. वच्छलाला त्यांनी बजावलं, कागदावर फक्त नंबर टाकायचा, नाव कुठंच नको. तिनं मान डोलावली. पण अंगणवाडीत वजन घ्यायचं तर आधी नाव लिहायचं, नाहीतर एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि धडधाकट पोर कुपोषित ठरतं. तिचा हात त्यालाच सरावला होता. कागदांवर तिनं नंबरच टाकले, आणि घोटाळा नको म्हणून कोणता नंबर कोणाचा ते वजनाच्या रजिस्टरात, शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

सोळा वर्षांच्या रिंकूचा नंबर सतरा. पोरांपेक्षा पोरींची ओढ वाटते का, यावर तिनं खाली बघत 'हो' म्हटलं. मग विचारलं, "मावशी, कोनाले समजन का हे?"

"कोनाले नाई समजत."

आठव्या दिवशी रिंकूचा भाऊ धनराज त्याच्या लेकराच्या खाऊची, सुकडीची पाकिटं न्यायला आला. वच्छला चुलीपाशी होती. लेकराचं वजन बघायला त्यानं रजिस्टर उघडलं आणि पानं उलटत शेवटपर्यंत गेला; तिथं बहिणीच्या नावापुढं सतरा लिहिलं होतं. कागदांचा गठ्ठा शेजारीच होता. त्यानं सतरावा कागद काढला, उभ्यानंच वाचला, गठ्ठ्यावर फेकला आणि सुकडी न घेताच निघाला.

वच्छला मागोमाग धावत पोचली तोवर कुऱ्हाडीचा दांडा तीनदा बसला होता. रिंकू अंगणात पडली होती, उजवा हात कोपराखाली भलतीकडं वळलेला. आई कुंता तोंडात पदर कोंबून दारात उभी. धनराजनं बहिणीला वेणीला धरून उचललं.

"कोन आहे थे पोरगी? नाव सांग!"

"धनराज, सोड तिले!"

"तुमीच त लिवलं, वच्छलाबाई! सतरा नंबर, रिंकू. आता हिले जित्ती ठेवत नाई मी."

गेल्या साली जाळ्याच्या भांडणात त्यानं चुलतभावाची कवटी फोडली होती. तो नुसतं बोलत नाही, हे वच्छलाला ठाऊक होतं.

"थो कागद माहा आहे," ती म्हणाली. "नागपूरच्या बाईनं पयले मलेच भरून दाखवाले सांगतलं होतं. नंबर लिवाले चुकली मी. थे उत्तर माहं आहे."

कुंपणापाशी जमलेल्यांतला बिरजू हसला. "म्हनूनच दुसरं लगन नाई केलं का, बाई?"

"म्हनूनच."

धनराजनं वेणी सोडली. पहिला दांडा वच्छलाच्या खांद्यावर बसला, दुसरा डाव्या कानावर. ती पडली. मग बिरजूनं लाथ घातली, आणि ज्यांच्या लेकरांना तिनं भरवलं होतं त्या बायकांनी दगड उचलले. तेवढ्यात कुंतानं रिंकूला ओढून आत नेलं आणि आतून कडी घातली.

वच्छलाचा डावा कान गेला. पोलिसांना तिनं पडले म्हणून सांगितलं. तिचा हात लागलेली खिचडी पोरं खाणार नाहीत असं गावानं ठरवलं, तेव्हा कामही गेलं. रिंकूचा हात गावच्या वैदूनं वाकडा बसवला, पण जून संपता ती शाळेत गेली.

त्याआधी, नागपूरच्या बाई तिला भेटायला दवाखान्यात आल्या तेव्हा वच्छलाच्या डोक्याला अजून पट्टी होती. बाईंच्या हातात तो सतरा नंबरचा कागद होता.

"तुम्ही भरून दाखवलेला कागद माझ्याकडे वेगळा आहे, वच्छलाबाई. मग हा कोणाचा? मला त्या मुलीला भेटायचंय."

"कोनती मुलगी? थोई माहाच."

"एकाच माणसाचे दोन कागद चालत नाहीत."

"मंग द्या इकडं," वच्छला म्हणाली. तिनं कागद घेतला, घडीवर घडी घातली आणि फाटेना तसा दाढांत धरून फाडला.